साइड्स ऑल म्हणजे काय रे भाऊ

मागच्या आठवड्यात मंगळवारी नाचाच्या क्लबात एका पंच्याहत्तरीच्या आजींच्या कपाळावर माझं कपाळ आपटलं. फार जोरात नाही, पण ठक्क असा आवाज येण्याइतपत. त्यांचा चष्मा तिरका झाला, मी सॉरी सॉरी करत तिथेच उभा राहिलो, आणि उभा राहिलो हीच खरी चूक, कारण म्युझिक थांबत नाही, बाकीचे लोक थांबत नाहीत, आणि पुढच्या चार पावलांनी मी जिथे असायला हवं होतं तिथे मी नसल्यामुळे शेजारच्या जोडीतल्या बाईंनी धरायला पुढे केलेला हात हवेतच राहिला. आजींनी एका हाताने चष्मा सरळ केला, दुसऱ्या हाताने माझा दंड धरून मला जागेवर ढकललं आणि हसत म्हणाल्या, डिअर, इथे आम्ही वळसा घालून जातो.

हा सगळा घोळ दोन शब्दांचा आहे. साइड्स ऑल. १६५१ साली छापलेले दोन शब्द आणि त्यांचा टेंगूळ २१व्या शतकात माझ्या कपाळावर. पण ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

मी आणि बायको गेले आठ महिने इंग्लिश कंट्री डान्स शिकतोय. कंट्री म्हटलं की लोकांना काउबॉय हॅट आणि बूट आठवतात, माझ्या भावालापण फोनवर तेच वाटलं, तर ते नव्हे, ते अमेरिकन. हा इंग्लंडचा जुना जोडीचा नाच. १६०२ च्या एका पत्रात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात राणीसमोर हे कंट्री डान्स रंगात आल्याचा उल्लेख आहे, म्हणजे त्याच्याही आधीपासून असणार. पुढे १७व्या शतकाच्या शेवटाकडे फ्रेंचांनी तो इथून उचलला आणि त्याला कॉन्त्रदाँस म्हणायला लागले, आणि मग काही लोकांनी असा शोध लावला की मूळ शब्दच फ्रेंच आहे, कॉन्त्र म्हणजे समोरासमोर, आणि इंग्रजांनी त्याचं बिघडवून कंट्री केलं. सगळी उलटी गंगा.

तुम्ही तो बघितलेला असतो. जुन्या काळातल्या इंग्लिश सिरियलमध्ये दोन रांगा समोरासमोर उभ्या असतात, एकीत पुरुष एकीत बायका, आणि नाचता नाचता हिरो हिरॉइन एकमेकांना टोमणे मारतात, तोच. १९९५ च्या बीबीसीच्या प्राइड अँड प्रेज्युडिसमध्ये डार्सी आणि एलिझाबेथ जो नाच करतात त्याचं नाव मिस्टर बेव्हरिजेस मॅगट. छापला गेला १६९५ साली. गोष्ट १९व्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे त्या पोरांना तो पणजोबांच्या जमान्यातला वाटला असता, पण दिसतो सुंदर, त्यामुळे तक्रार नाही. मॅगट म्हणजे अळी. नाचाला अळीचं नाव का, तर त्या काळी मॅगट म्हणजे डोक्यात आलेली लहर, खूळ. हे वाचून मी बायकोला म्हटलं अगं ही तर आपलीच भाषा झाली, डोक्यात किडा वळवळणे. ती म्हणाली वळवळला तो माझ्या डोक्यात आणि चावला तुला.

खरंच तसंच झालं. तिने लायब्ररीतल्या बोर्डावर कागद बघितला, बिगिनर्स वेलकम, जोडी नसली तरी चालेल, पायात सपाट बूट घालून या. मला वाटलं वॉल्ट्झ वगैरे असेल, कंबरेत हात, गोल गोल. गेलो तर चर्चच्या मागचा हॉल, लाकडी जमीन, एका टोकाला फिडल, कॉन्सर्टिना आणि पियानो, आणि पंचवीसेक माणसं, त्यातली निम्मी माझ्या वडिलांच्या वयाची. मनात म्हटलं हे तर सोपं आहे. वीस मिनिटांनी माझा शर्ट घामाने चिकटला होता आणि ती निम्मी माणसं गप्पा मारत नाचत होती.

खरं सांगायचं तर पावलं शिकायला काही नाहीच. चालता येतं ना, झालं मग. एक 'डबल' म्हणजे चार पावलं, तीन चालायची आणि चौथ्याला पाय जुळवायचे. 'सिंगल' म्हणजे दोन, एक टाकायचं आणि दुसरं जुळवायचं. 'सेट' म्हणजे उजवीकडे एक सिंगल, डावीकडे एक सिंगल, जागच्या जागी, समोरच्याला मान दिल्यासारखं. 'टर्न सिंगल' म्हणजे स्वतःभोवती चार पावलांत एक छोटी गिरकी, उजवीकडून. एवढ्या भांडवलावर शेकडो नाच उभे आहेत. घोळ पायाचा नसून पत्त्याचा आहे. सुरावटीचा तुकडा संपतो त्या क्षणाला तुम्ही एका ठरलेल्या जागी, एका ठरलेल्या दिशेला तोंड करून पोचलेले असायला लागता. लवकर नाही, उशिरा नाही. लवकर पोचलात तर खुळ्यासारखे थांबून राहता, उशीर झाला तर समोरचा तुमच्याशिवाय निघून गेलेला असतो. मला पहिले दोन महिने फक्त उशीर झाला. आणि पहिल्या दिवशी मी स्नीकर घालून गेलो होतो, रबरी सोल, तर गिरकीत बूट जमिनीला धरून बसला आणि मी वरून फिरलो खालून नाही, गुडघ्यातून एक कळ गेली ती घरापर्यंत. आता कातडी सोलचे बूट घेतलेत, ते बरोबर सरकतात.

आणि माझा डाव्या-उजव्याचा जन्माचा प्रॉब्लेम. सगळा हॉल उजवीकडून गिरकी घेतोय आणि मी एकटा डावीकडून, त्यामुळे गिरकीच्या मध्यावर शेजाऱ्याचं आणि माझं तोंड बरोब्बर समोरासमोर येतं आणि दोघंही दचकतो. दोन हात धरून फिरायचं तेव्हा तर मी पहिल्याच दिवशी सवयीने हात कैचीत घातले आणि मागे झुकलो, फुगडीला झुकतो तसा. समोरच्या सभ्य काकू जवळजवळ उडाल्याच. इथे हात कैचीत नसतात, सरळ धरायचे, थोडासा ताण ठेवायचा आणि चालत चालत फिरायचं. फुगडी नाही. बायकोने दुरून डोळे वटारले ते मला अजून दिसतायत.

आता पुस्तक. जॉन प्लेफर्ड नावाचा लंडनचा एक प्रकाशक होता, त्याने १६५१ साली 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' काढलं. काळ बघा, दोन वर्षांपूर्वी पहिल्या चार्ल्स राजाचं मुंडकं उडवलेलं, नाटकांची थिएटरं १६४२ पासून बंद, मे महिन्यात ज्यांच्याभोवती लोक नाचायचे ते गावोगावचे खांब १६४४ च्या हुकमाने उपटलेले, सगळीकडे प्युरिटन म्हणजे कर्मठ धार्मिक मंडळींचं राज्य, आणि ह्या पठ्ठ्याने नाचाचं पुस्तक काढलं. आणि ते चाललं! घरात नाचायला बंदी नव्हती. पहिल्या आवृत्तीत १०५ नाच होते, प्रत्येकाची वर चाल आणि खाली पावलांच्या सूचना, आणि पुढे त्याच्या मुलाने आणि नंतरच्या लोकांनी मिळून १७२८ च्या सुमारापर्यंत त्याच्या १८ आवृत्त्या काढल्या. म्हणजे पाऊणशे वर्षं धंदा केला पुस्तकाने.

त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की यात कंट्री डान्सचे साधे आणि सोपे नियम दिलेत. साधे आणि सोपे! नेटवर त्याची जुनी पानं स्कॅन करून टाकलेली आहेत, मी एका रविवारी उत्साहाने उघडून बसलो. पानावर वरती छोट्या छोट्या चंद्रकोरी आणि मध्ये टिंब असलेली गोल सूर्यं एका ओळीत मांडलेली. चंद्र म्हणजे पुरुष, सूर्य म्हणजे बाई. मला हे फारच आवडलं, कारण आपल्याकडे चंद्रकोर लावणार बाई आणि इथे चंद्रकोर झालो मी. बायकोने लगेच मला दोन दिवस चंदू हाक मारली. तर ते चंद्रसूर्य कसे उभे राहायचे ते कळतं, पण खाली मजकूर वाचला की संपलं. एखाद्या सुगरणीच्या वहीत 'नेहमीप्रमाणे फोडणी करून घ्यावी' एवढंच लिहिलेलं असावं तसं आहे. साइड्स ऑल. सेट अँड टर्न एस. दॅट अगेन. बस. सगळ्यांनी साइड करा. अरे पण साइड करा म्हणजे काय करा? ते कुठेच नाही, कारण १६५१ च्या माणसाला ते माहीत होतं. लहानपणापासून बघितलेलं असणार. प्लेफर्डच्या डोक्यातसुद्धा आलं नसेल की साडेतीनशे वर्षांनी कोणीतरी चष्मा लावून हे वाचेल आणि त्याला साइड करणं म्हणजे काय हेच माहीत नसेल.

ह्या जुन्या नाचांची एक घडण आहे, ती कळली की बरंचसं सोपं होतं. बऱ्याच नाचांना तीन कडवी असतात आणि मध्ये ध्रुवपद. पण आपल्या गाण्यात ध्रुवपद तेच राहतं आणि कडवी बदलतात, पण इथे कडवी बहुतेक नाचांना तीच आणि प्रत्येक नाचाची खरी ओळख त्याच्या ध्रुवपदात. पहिलं कडवं, जोडीदाराचा हात धरून बँडच्या दिशेने एक डबल पुढे, एक डबल मागे, पुन्हा एकदा. दुसरं कडवं साइडिंग. तिसरं आर्मिंग, म्हणजे उजव्या हातात उजवा हात कोपरापाशी अडकवून एक पूर्ण फेरी, मग डावा. एकदा ही तीन पाठ झाली की नवा नाच आला तरी अर्धा आधीच येत असतो. पहिलं आणि तिसरं कडवं सगळ्या जगात सारखंच करतात. मारामारी दुसऱ्याची.

झालं असं की १९व्या शतकात हे जुने नाच विस्मरणात गेले. वॉल्ट्झ आला, पोल्का आला, लोकांना कंबरेत हात घालायला मिळाला, कोण कशाला रांगेत उभं राहील. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल शार्प नावाच्या संगीत शिक्षकाने प्लेफर्डची पुस्तकं काढून त्यातले नाच परत उभे करायला घेतले. १९११ मध्ये त्याने इंग्लिश फोक डान्स सोसायटी काढली, आणि लंडनमध्ये कॅम्डन भागात सेसिल शार्प हाउस म्हणून त्याच्या नावाची इमारत १९३० पासून उभी आहे, तिथे अजूनही नाच होतात. तर ह्या शार्पसाहेबांसमोरपण साइड्स ऑल हेच दोन शब्द आणि विचारायला कोणी जिवंत नाही. त्यांनी अंदाज बांधला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे जोडीदार एकमेकांकडे चार पावलं जातात, डाव्या खांद्याने एकमेकांना ओलांडतात, तोंडं एकमेकांकडेच ठेवून वळसा घेत जवळजवळ जागा बदलतात आणि मग त्याच वाटेने परत. गोल, लाटेसारखं. दिसायला अप्रतिम. दोन पिढ्या तसंच नाचल्या.

मग नंतरच्या अभ्यासकांनी पुस्तकं परत तपासली आणि म्हणायला लागले की अहो एवढं काही नसावं, साइड म्हणजे नुसतं बाजूला जाऊन उभं राहणं, चार पावलं पुढे, उजव्या खांद्याला उजवा खांदा लागेल असं, आणि चार पावलं उलट मागे, मग तेच डाव्या खांद्याने. सरळ. आम्ही जातो त्या क्लबमध्ये हेच शिकवलं.

आता बघा. समोरासमोर दोन माणसं. एकाला उजवा खांदा उजव्या खांद्याशी न्यायचाय म्हणून तो किंचित आपल्या डावीकडे सरकतो. दुसऱ्याला डाव्या खांद्याने ओलांडायचंय म्हणून तो आपल्या उजवीकडे सरकतो. त्याची उजवी म्हणजे याची डावी. दोघंही पूर्ण आत्मविश्वासाने, ताठ मानेने, तालात, एकाच जागेकडे. ठक्क.

तर आम्ही मागच्या मंगळवारी पाहुणे म्हणून गेलो होतो तो शेजारच्या गावातला क्लब शार्पपंथी निघाला. आम्हाला कोणी सांगितलंच नाही, म्हणजे त्यांच्या मते साइडिंग म्हणजे साइडिंग, त्यात सांगायचं काय. तेच, प्लेफर्डसारखं.

जोडीचा नाच आहे तर मी आजींबरोबर काय करत होतो, हा प्रश्न माझ्या आईनेपण विचारला. इथे पद्धत अशी की एका नाचानंतर थँक्यू म्हणायचं आणि पुढच्या नाचाला दुसऱ्या कोणालातरी विचारायचं. सगळी संध्याकाळ आपल्याच बायकोला धरून ठेवणं जरा घुम्यासारखं समजतात. आणि खरं तर बायकोबरोबर उभे राहिलात तरी लांब रांगेच्या नाचात तुम्ही तिच्याबरोबर जेवढे नाचता तेवढेच शेजाऱ्यांबरोबर नाचता. रांगेत पहिली जोडी एक नंबर, दुसरी दोन नंबर, तिसरी परत एक, चौथी दोन. एक नंबर आणि दोन नंबर मिळून चौघांचा एक छोटा डाव करतात, नाच एकदा वाजून संपला की एक नंबरवाले एक घर खाली सरकलेले असतात आणि दोनवाले एक घर वर, आणि समोर नवी जोडी. परत तोच नाच. असं करत रांगेच्या टोकाला पोचलात की एक खेप नुसतं उभं राहायचं, श्वास घ्यायचा, आणि तुमचा नंबर बदलतो, एक होता ते आता दोन. मी ती खेप उभी राहायची विसरलो होतो. नुसता विसरलो नाही, समोर कोणी नसताना एकटाच मनापासून नाचत सुटलो, आणि बायको बाजूला हाताची घडी घालून बघत होती. अरे थांब ना, आपण आउट आहोत! मी म्हटलं आउट म्हणजे? हरलो?

'इम्प्रॉपर' हा शब्द पण असाच. कॉलर म्हणजे जो माइकवर सूचना देतो तो, त्याच्या हातात कार्डं असतात, तो एकदम म्हणाला फर्स्ट कपल्स इम्प्रॉपर, मी बायकोकडे बघितलं, म्हटलं आता काय केलं आपण. काही नाही, एक नंबरच्या जोड्यांनी आपापसात बाजू बदलून उभं राहायचं एवढंच.

मला मनापासून आवडलेला नाच होल इन द वॉल. भिंतीतलं भोक. १६९८ च्या प्लेफर्डमधला, तोपर्यंत म्हातारा वारला होता आणि मुलगा हेन्री धंदा बघत होता. चाल हेन्री पर्सेलची, एका नाटकासाठी १६९५ मध्ये केलेली, आणि ती इतकी गोड आहे की मी पावलं चुकत असताना पण खूष असतो. नाच असा. एक नंबरची जोडी बाहेरच्या बाजूने वळून दोन नंबरवाल्यांच्या पाठीमागून खाली जाते, दोघं खाली भेटतात आणि हात धरून मधून वर परत येतात. मग दोनवाले तसंच, वरून वळसा आणि मधून खाली. मग तिरक्या कोपऱ्यातले पहिले दोघं जागा बदलतात, पहिला पुरुष आणि दुसरी बाई, मग उरलेले दोघं. मग चौघं हात धरून डावीकडे अर्धं वर्तुळ, की झाले सगळे परत आपल्या मूळ जागी, आणि शेवटी एकवाले वळून खाली आणि दोनवाले मधून वर. संपलं. पुढची जोडी.

घरी सराव करायचा तर चार माणसं पाहिजेत आणि आम्ही दोनच. म्हणून मी डायनिंगच्या दोन खुर्च्या दोन नंबरची जोडी म्हणून उभ्या केल्या. आठवडाभर आम्ही खुर्च्यांना वळसे घातले, फोनवर चाल लावून, आणि बुधवारपर्यंत पहिला भाग इतका मस्त जमायला लागला की मी वळताना खुर्चीकडे बघून मान पण झुकवायला लागलो. मंगळवारी क्लबात उभे राहिलो, पहिला वळसा झकास, बरोब्बर सुरावर परत आलो, छाती फुगली. आणि खुर्च्या चालायला लागल्या. म्हणजे दोन नंबरची जोडी. माझ्या डोक्यात दोन नंबर म्हणजे फर्निचर झालं होतं, ते माझ्या पाठीमागून फिरताना बघून मी आपोआप त्यांच्या वाटेतून बाजूला झालो, मग त्यांच्या वाटेत आलो, मग माझा कोपरा कुठला तेच विसरलो. समोरचा दोन नंबर, उंच, पांढरी दाढी, शांतपणे नुसता भुवईने दाखवत होता, तिकडे, आता तिकडे. भुवई फार उपयोगी पडते ह्या नाचात.

कोपऱ्यातल्यांनी जागा बदलताना जी गंमत आहे ती कार्डावर लिहिलेली नसते. दोघं मध्यावर येतात, तिथे एका क्षणाला एकमेकांच्या अगदी जवळ असतात, आणि मग एकमेकांकडे बघतच वळत वळत मागे मागे सरकत जातात. पाठ करून निघून जायचं नाही. पर्सेलच्या चालीत तीन-तीनचा हिशोब आहे, चारची सवय असलेल्या पायाला तिथे नेहमी वाटतं की अजून वेळ आहे किंवा वेळ संपला, आणि दोन्ही चूकच असतं. नजर मात्र सोडायची नाही. मला सुरुवातीला हेच सगळ्यात अवघड गेलं. अनोळखी बाईच्या डोळ्यात पूर्णवेळ बघत राहायचं, आणि ती पण बघणार, आणि बायको तीन फुटांवर. मी खांद्याकडे बघायचो, कानाकडे बघायचो. मग एका बाईंनी सरळ सांगितलं, माझ्या कानातलं आवडलं असेल तर नंतर दाखवते, आता डोळ्यात बघा नाहीतर चक्कर येईल. खरंच येते. फिरताना एका जागी नजर असली की खोली गरगरत नाही. हात न धरता एकमेकांभोवती नुसतं चालत फिरायची एक फिगर आहे, तिला जुने लोक जिप्सी म्हणायचे, आता तो शब्द त्या समाजाला लागतो म्हणून बरेच क्लब राइट शोल्डर राउंड म्हणतात, त्यात तर नजरेशिवाय काहीच नाही, नजर काढली तर ती दोन माणसं बसस्टॉपवर येरझाऱ्या घालतायत असं दिसेल.

आणि मग 'हे'. फिगरचं नावच हे. कॉलर ओरडला हे फॉर थ्री, आणि मी नेहमीप्रमाणे गोंधळलो, कारण आपल्याकडे शब्द आठवला नाही की आपण म्हणतो ते हे आण रे, आणि इथे खरंच हे करायचं होतं. ब्लॅक नॅग नावाचा तीन जोड्यांचा नाच आहे, काळं तट्टू, पळवत नेतो नुसता, त्याच्या शेवटच्या कडव्यानंतर तिघं पुरुष आपल्या रांगेत एकमेकांच्या मधून विणत विणत जातात, एकाला उजव्या खांद्याने ओलांड, पुढच्याला डाव्याने, टोकाला पोचलास की बाहेरून वळून परत आत. मग बायका. वाचायला बरं वाटतं. आम्ही तिघं पुरुष मध्यावर गर्दीच्या लोकलच्या दारात अडकावं तसे अडकलो, तीन वेळा, चौथ्या वेळी कॉलरने टी ब्रेक जाहीर केला.

घरी आल्यावर बायकोने कपाटातून तीन ओढण्या काढल्या, एक लाल, एक हिरवी, एक पिवळी, पलंगाच्या दांड्याला बांधल्या आणि म्हणाली बघ. आणि वेणी घालायला लागली, हळूहळू. बाहेरची मधल्यावरून आत. आता दुसऱ्या बाजूची बाहेरची आत. लाल बघ फक्त, ती म्हणाली, बाकी बघू नकोस. मी लाल ओढणी बघत राहिलो. ती आत जाते, पलीकडे निघते, टोकाला जाऊन थांबत नाही, बाहेरून वळते आणि परत आत येते. तिला बाकीच्या दोघी कुठे आहेत हे माहीत असायची गरजच नाही. तिने तिची वाट धरली आणि प्रत्येक जण आपली वाट धरून राहिला की वेणी होते. मी गेले तीन आठवडे आत शिरताना घाबरून टोकालाच आतल्या बाजूने वळत होतो, म्हणून धडकत होतो. टोकाला बाहेर जायचं! चाळीस वर्षं जिला रोज वेणी घालायची सवय आहे तिला हे तीन ओढण्यांत कळलं आणि मला प्लेफर्डपासून शार्पपर्यंत वाचून कळलं नाही. पुढच्या आठवड्यात मी लाल ओढणी होतो. मनात म्हणत होतो, लाल आत, लाल बाहेर. एकदाही धडकलो नाही. पुरुषांचं विणून झालं तेव्हा पलीकडच्या रांगेतून बायकोने अंगठा दाखवला आणि त्या नादात तिची स्वतःची सुरुवात चुकली, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

असो, आजी. टेंगूळ दोन दिवसांत उतरलं. पण माझ्या डोक्यातला किडा, म्हणजे मॅगट, काही जाईना. म्हणून मी आठवडाभर घरी शार्पचं साइडिंग घोटलं. बायकोला समोर उभं करून, डावा खांदा, वळसा, नजर, परत त्याच वाटेने. ती सरळवाली आहे, तिला हे नाटकी वाटतं, पण मला सांगायचंय की शरीराला ते फार छान वाटतं, समोरचा माणूस आपल्याबरोबर झोक्यावर असल्यासारखं. इतिहास म्हणून बहुतेक सरळवालंच खरं असेल, मला पण तेच पटतं. पण शार्पसाहेबांचा अंदाज आता शंभर वर्षांहून जुना झालाय, म्हणजे तोपण इतिहासच की.

तर काल परत गेलो त्या क्लबात. आजी होत्याच. मी आपणहून जाऊन विचारलं, माझ्याबरोबर नाचणार का, कपाळ सांभाळून. त्या हसल्या, चष्म्याला मागून दोरी लावून आल्या होत्या, ती मला दाखवली. पहिलं कडवं झकास झालं. ध्रुवपद झालं. कॉलर म्हणाला साइड्स ऑल, आणि मी उजवीकडे सरकत, डावा खांदा पुढे करत, अगदी शार्पसाहेबांना आवडेल असा वळसा घ्यायला निघालो, आणि आजी, पाहुण्या माणसाला त्रास नको म्हणून, सरळ माझ्या उजव्या खांद्याकडे आल्या.

कपाळ नाही लागलं ह्या वेळी. फक्त नाक.